सरळ रेषेतलं टोरांटो

मुंबईच्या विमानतळापासून टोरांटोच्या विमानतळापर्यंतचं अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. त्याबद्दल कोणाचा वाद नाही. अक्षांश-रेखांश मांडून, पृथ्वीचा गोलावा हिशेबात धरून ते काढलेलं आहे, आणि ऐन पावसाळ्यात, गणपतीत, रुळांवर पाणी आलेलं असतानाही ते तेवढंच राहतं. वसईतल्या आमच्या पाचूबंदरपासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचं अंतर मात्र अजून कोणाला ठरवता आलेलं नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर ते २७ किलोमीटर भरतं. पण पट्टीच्या वाटेत दहिसर येत नाही. माणसाच्या वाटेत येतं. विमान एकदा आकाशात स्थिरावलं की हे २७ किलोमीटर दोन मिनिटांच्या आत मागे टाकतं. मोटारीला त्यासाठी किल्ल्याच्या कडेनं वसई गावात यावं लागतं, स्टेशनाची गर्दी ओलांडून वसई फाट्याला जावं लागतं, म्हणजे दक्षिणेला जायचं म्हणून आधी पूर्वेला बराच वेळ घालवायचा. मग महामार्ग, वरसोव्याचा पूल, काशिमिरा. आणि मग दहिसर, जिथे वाहतुकीचं काय होईल ते पंचांगातही दिलेलं नसतं. गंमत अशी, की या सगळ्या वळशात जे भाईंदर गाठायला एवढा आटापिटा, ते आमच्या धक्क्यावरून समोर दिसत असतं. पाण्यातून साडेतीन किलोमीटर, रस्त्यानं अडतीस. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो फेरी सुरू झाली आणि सरकारी कागदावर हे अंतर पंधरा मिनिटांचं झालं. कोळ्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

या अंतरांशी माझा संबंध आला तो तांडेलमामांमुळे. मामा आता होडीवर जात नाहीत. गुडघे जात नाहीत, असं ते म्हणतात, आपण जायला तयार आहोत. त्यांची मुलीकडची नात टोरांटोला निघाली, तेव्हा पाचूबंदरच्या त्या गल्लीत चार घरं सोडून पाचव्या घरातही कोणाला काही सुचेना. विमान पहाटेचं होतं. घरातून कधी निघायचं यावर जी बैठक बसली ती पाहताना वाटलं, पेशव्यांनी वसईची मोहीम काढली तेव्हा यापेक्षा कमी खल झाला असेल. विमानतळावर तीन तास आधी पोचायला हवं, हे तिकिटावर छापलेलं. त्याच्या आधी दोन तास रस्त्याचे. दहिसरसाठी एक वेगळा. टायर पंक्चर झालं तर एक. मामींनी सगळ्यांवर आणखी एक तास ठेवला, का तर ‘असूं दे’ म्हणून. बॅगेला किती वजन चालतं हे कळल्यावर मासळी तोलायचा काटा आणला गेला, आणि त्याच्या आकड्याला ती नवीकोरी निळी बॅग एखाद्या घोळीसारखी लटकली. काट्याचं काटेकोरपण पाहून सुकटीची एक पुडी बाहेर आली, पुन्हा आत गेली, आणि शेवटी एक जाड स्वेटर बाहेर राहिला. जिथे जायचं तिथे बर्फ पडतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण सुकट तिथे पडत नाही, हा मामींचा मुद्दा बिनतोड होता.

ती गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे जगातलं कोणतंही ठिकाण माझ्या ओळखीतलं आहे अशी गावात एक समजूत आहे, आणि निवृत्तीनंतर ती मोडायचा मी फारसा प्रयत्न केलेला नाही. ‘मास्तर,’ मामा म्हणाले, ‘ते टोरांटो हाय कुठं? म्हणजे कुठल्या अंगाला?’ लांब किती, हा प्रश्न सगळे विचारतात. कुठल्या अंगाला, हे दर्यावर गेलेला माणूसच विचारतो. तो हात करून दाखवायची दिशा मागत होता, म्हणजे ओट्यावर बसून त्या दिशेला तोंड करता येईल. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. त्यावर टोरांटो डावीकडे होतं, सरळ पश्चिमेला, अरबस्तान आणि आफ्रिका ओलांडून. पण भिंतीवरचा नकाशा अशा बाबतीत फार गोड बोलून फसवतो, म्हणून मी माळ्यावरून पृथ्वीचा गोल काढला. गोलावरची धूळ पुसताना प्रशांत महासागराचा थोडा निळा रंग फडक्याला लागला. मामांनी खिशातून जाळं शिवायचा नायलॉनचा दोरा काढला. कोळ्याच्या खिशात दोरा का असतो हे विचारू नये. मी एक टोक मुंबईवर धरलं, त्यांनी दुसरं टोरांटोवर, आणि दोरा ताणला.

ताणलेला दोरा कधी लांबची वाट धरत नाही. तो पश्चिमेला गेलाच नाही. मुंबईतून निघाला तो थेट वर, उत्तरेकडे, जरासा डावीकडे झुकून. पृथ्वीच्या टाळूजवळून वळला आणि पलीकडच्या बाजूनं कॅनडात उतरला. मामा बराच वेळ दोऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा गोलाला टेकवला आणि विचारलं, ‘हा जातो कुठून? आपल्यावरनं?’

रात्री मी बसून गणित केलं. मुंबईहून टोरांटोकडे जाणारी सर्वांत जवळची रेषा निघताना उत्तरेपासून साधारण एकवीस अंश पश्चिमेला कलते. तशी ती विमानतळावरून सोडली, तर वसईपर्यंत येईतो ती पाचूबंदरपासून तीनचार किलोमीटरवर, समोरच्या समुद्रावरून जाते. म्हणजे आमच्या बायका किनाऱ्यावर उभ्या राहून होड्यांची वाट पाहतात, तिथून नजर जाईल एवढ्याच अंतरावरून. नातीनं बॅग काट्यावर लावली, पंक्चरचा तास धरला, दहिसरला घाम पुसला, एवढा आटापिटा करून ती दक्षिणेला गेली. आणि भूमितीचं ऐकायचं तर तिथून तिला पहिल्यांदा परत घराकडेच यायचं होतं. अर्थात विमान काही भूमितीचं ऐकत नाही. धावपट्टी जिकडे तोंड करून असेल तिकडे ते उडतं, मग खालून जसं सांगतील तसं वळतं, आणि बहुतेकांना तर मध्ये कुठल्यातरी तिसऱ्याच शहरात उतरून तासन्‌तास काचेपलीकडे बघत बसावं लागतं. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी पहिला भाग तेवढा ऐकला. दुसऱ्या दिवसापासून धक्क्यावर ते लोकांना सांगू लागले, की टोरांटोची वाट आपल्या डोलीच्या जाळ्यावरनं जाते.

त्या रेषेवर बोट ठेवून जायला लागलं की पृथ्वी फार वेगळी दिसते. आपल्या मनात परदेशाच्या वाटेवर दुबई असते, लंडन असतं. ही रेषा त्यांच्या जवळपासही फिरकत नाही. ती खंभातचं आखात ओलांडते, सौराष्ट्राला जरा शिवते, कच्छच्या छोट्या रणाजवळून थरच्या वाळवंटात शिरते. मग बलुचिस्तान, अफगाणिस्तान. पुढे अरल समुद्राच्या अलीकडून, जो आता बराचसा समुद्र राहिलेला नाही. मिठानं पांढऱ्या झालेल्या वाळूत तिथे मासेमारीच्या बोटी गंजत उभ्या राहिल्या होत्या. हे सांगितलं तेव्हा मामांनी ‘देवा’ म्हणून छातीवर क्रूस केला. पाणी मागे हटून परत आलंच नाही, अशी ओहोटी त्यांच्या कल्पनेत बसत नव्हती. पुढे रशियाची जंगलं, फिनलंड, स्वीडनचा वरचा भाग, आणि मग रेषा नॉर्वेच्या किनाऱ्यावर लोफोटेन नावाच्या बेटांवरून समुद्रावर जाते. इथे मी मुद्दाम थांबलो. कारण लोफोटेनला फेब्रुवारी ते मे या दिवसांत किनाऱ्यावर लाकडी चौकटी उभ्या असतात, आणि त्यांच्यावर कॉड नावाचा मासा, मीठ न लावता, शेपट्या बांधून जोडीजोडीनं वाऱ्यावर सुकत टाकलेला असतो. शेकडो वर्षं असंच चाललं आहे. पाचूबंदरला बांबूंवर बोंबील टांगलेले असतात, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून. मिठाशिवायच. ऊन आणि वारा, बाकी काही नाही.

मी मामांना मोबाइलवर लोफोटेनचा फोटो दाखवला. त्यांनी तो मामींना दाखवला. मामींनी बारकाईनं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘कावळे नाय तिकडं?’ फोटोत जाळ्या नव्हत्या, राखणीला पोरगं बसलेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या भूगोलात नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालेलं दिसलं. नात ज्या दिशेनं गेली तिथे बर्फाचं रान पसरलेलं आहे असं त्यांना वाटत होतं. आता मध्ये निदान एका गावात लोक मासळी सुकवतात हे कळलं होतं. तिथून पुढे रेषा ग्रीनलंडच्या बर्फावरून जाते आणि लॅब्राडोरमार्गे कॅनडात उतरते, ज्याच्या समोरच्या पाण्यातला कॉड पकडायला एके काळी पोर्तुगालची गलबतं अटलांटिक ओलांडून जायची. म्हणजे हेच पोर्तुगीज, ज्यांना १५३४ मध्ये वसई मिळाली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून घेतली. मुंबई-टोरांटो या अंतराला पहिल्यापासून शेवटपर्यंत सुक्या मासळीचा वास आहे. निळ्या बॅगेतली सुकट अगदी बरोबर वाटेनं निघाली होती.

मात्र ही सरळ रेषा आजच्या जगात कोणाला पूर्ण चालता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तसंच आपण त्यांच्या विमानांना. त्याआधी फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचं आकाश कॅनडाच्या आणि युरोपातल्या बहुतेक देशांच्या विमानांना बंद झालं. मग विमानं वळसे घालतात, जास्तीचं इंधन घेतात, आणि काचेपलीकडे ढगांचा जो पांढरा पसारा दिसतो त्यात कुठेही कुंपण दिसत नसताना ते कुंपण पाळतात. मामांना यात काही नवल वाटलं नाही. समुद्रात आंतरराष्ट्रीय हद्द कुठे असते हे लाटेकडे बघून कळत नाही, आणि ती ओलांडली म्हणून गुजरातेकडचे, पालघरकडचे कितीतरी खलाशी कराचीच्या तुरुंगात वर्षं काढून आलेले त्यांनी पाहिले आहेत. ‘वर पण तसंच?’ एवढंच ते म्हणाले. मग दोरा गुंडाळून त्यांनी खिशात ठेवला, जणू त्या दोऱ्याला आता काही काम उरलं नव्हतं.

वसईला दूरदेशीची सवय नवीन नाही. लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजं मार्च-एप्रिलच्या सुमाराला निघायची आणि वारा सरळ असला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पोचायची; पत्र लिहून उत्तर मिळायला दीड वर्ष लागलं तर ते तत्पर उत्तर समजायचे. संत गोन्सालो गार्सिया इथेच जन्मले, सोळाव्या शतकाच्या मध्यावर कधीतरी. पोरवयातच ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, नंतर फिलिपाइन्स, पुन्हा जपान, आणि ५ फेब्रुवारी १५९७ या दिवशी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेले. मुंबईहून नागासाकी सरळ रेषेत ५,८०० किलोमीटरच्या आसपास; आजच्या विमानाला सात तासही नकोत. पण त्यांना संतपद मिळालं १८६२ मध्ये. नागासाकीची बातमी रोमला पोचून, तिची शहानिशा होऊन शिक्कामोर्तब व्हायला २६५ वर्षं गेली, आणि एवढ्या वेळात वसईत पोर्तुगीज जाऊन मराठे आले, मराठे जाऊन इंग्रज आले. काही प्रवास असेच असतात. त्यांचा वेग विचारायचा नसतो.

त्या मानानं विमानाचा काळ अगदी कालचा. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हा करत गेलं. त्या वेळच्या प्रवासाला तासांबरोबर गावांची नावंही होती. परत आलेला माणूस सांगायचा, कैरोला उकडत होतं. आता माणूस सांगतो, नऊ तास चाळीस मिनिटं. बाकी मध्ये काय होतं? एक सिनेमा, अर्धवट झोप, आणि पुढच्याच्या खुर्चीची पाठ. वेळ कमी झाला हे खरं, पण त्यातला बराचसा कोणी वापरलाच नाही असा कोरा निघतो.

मामांना तासांमध्ये रस होता, तो वेगळ्या कारणानं. जाताना लागणारा वेळ आणि येताना लागणारा वेळ सारखा नसतो, हे नातीनं त्यांना फोनवर सांगितलं होतं. येताना तास-दीड तास कमी लागतो. गावातल्या एका इंजिनिअर पोरानं त्याचा खुलासा केला, की पृथ्वी फिरते ना, म्हणून. हा खुलासा जगात सगळीकडे लोकप्रिय आहे आणि सगळीकडे चुकीचा आहे. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याबरोबर हवाही फिरते. नाहीतर होडी नांगरून ठेवली की सकाळी ती आफ्रिकेला सापडली असती. खरी गोष्ट वाऱ्याची आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार प्रवाह वाहतात, हिवाळ्यात जास्तच. युरोप-अमेरिकेहून आपल्याकडे येणारं विमान त्यांच्या अंगावर स्वार होऊन येतं; जाणाऱ्याला ते चुकवत, नाहीतर अंगावर घेत जावं लागतं. हे सांगायला मी फळा, खडू, बाण अशी मनात जुळवाजुळव करत होतो, तोवर मामा म्हणाले, ‘म्हणजे भरतीला निघाली तर लवकर, ओहोटीला निघाली तर उशीर.’ माझा तास तिथेच संपला. ज्यानं आयुष्यभर डोल पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून लावली, खाऱ्या वाऱ्यानं परत आला आणि पहाटेच्या मतलई वाऱ्यानं बाहेर गेला, त्याला अंतर हे कधी स्थिर वाटलेलंच नसतं. किलोमीटर ही जमिनीवरच्या लोकांची श्रद्धा आहे.

आणि विमानवाल्यांचीही ती नाही. वैमानिक अजून सागरी मैलातच मोजतात, वेग नॉटमध्ये सांगतात, अगदी आमच्या होड्यांसारखा. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर; अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक. त्या हिशेबानं टोरांटो ६,७५० सागरी मैलांवर येतं. हा आकडा ऐकताच मामांचे डोळे बारीक झाले. त्यांची होडी आठ नॉटनं चालायची. ओठ हलले, बोटांची पेरं मोजली गेली. ‘पस्तीस दिस,’ ते म्हणाले. मध्ये थरचं वाळवंट आहे, अफगाणिस्तानचे डोंगर आहेत, हे मी बोलून दाखवलं नाही. मामी मात्र स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘आणि बर्फ? पस्तीस दिस बर्फ पुरंल?’

नात निघाली त्या रात्री कोणीतरी मामांच्या मोबाइलवर विमान दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं. काळ्या पडद्यावर पिवळं विमान, मुंगीएवढं, आणि खाली आकडे: एवढं अंतर झालं, एवढं राहिलं, पोचायला इतके तास इतकी मिनिटं. मामा रात्रभर ओट्यावर ते धरून बसले. मिनिटं कमी होत होती तसे ते मोठ्यानं सांगत होते, आणि मधूनच आकडा उलटा वाढला की अस्वस्थ होत होते. समोरून वारा असेल, असं मी सकाळी सांगितलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मामी आत झोपल्या होत्या. निदान झोपल्यासारख्या होत्या. एकदा बाहेर येऊन त्यांनी पडद्यावर ओझरतं पाहिलं आणि विचारलं, ‘मला कोण सांगत होतं, कुठवर आलात ते?’

मामांनी हे मला स्वतःच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर किल्ल्याकडे बघत राहिले. चाळीस-पन्नास वाव पाण्यात, किनारा दिसेनासा झाल्यावर, चार-चार पाच-पाच दिवस ते बाहेर असत. वायरलेस आला तो फार उशिरा. तुफानात होडी कुठल्या बंदराला लागली हे घरी कळायचं ते होडी परत आल्यावरच. मामी किनाऱ्यावर यायच्या, शिडांवरून आणि पुढे इंजिनांच्या आवाजावरून आपली कुठली ते ओळखायच्या, नसली तर घरी जाऊन पुन्हा यायच्या. त्यांच्या हातात आकडा कधीच नव्हता. जाणाऱ्याला त्याची गरज नसते. तो आपला जात असतो, कामात असतो. तास आणि मिनिटं लागतात ती मागे राहिलेल्याला, कारण त्याला काहीतरी धरून बसायचं असतं. मामा जन्मभर जाणारे होते. म्हातारपणी पहिल्यांदाच ते मागे राहिले होते, आणि त्यांच्या हातात आकडाही होता, तरी एका रात्रीत त्यांची पुरती दमछाक झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामींसाठी वसईच्या बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणला. मामींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

टोरांटोला विमान उतरलं तेव्हा अ‍ॅपनं ‘पोचलं’ असं दाखवलं आणि मुंगी दिसेनाशी झाली. पण नात पोचली नव्हती. टोरांटोचा विमानतळ मुळात टोरांटोत नाही, शेजारच्या मिसिसागात आहे. तिला जायचं होतं स्कारबरोला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये चारशे एक क्रमांकाचा महामार्ग, उत्तर अमेरिकेतल्या अगदी गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक, आणि वेळ संध्याकाळची. आधी पासपोर्टची रांग, मग बॅगेची वाट, मग हा रस्ता. आपल्याकडे उजाडायला आलं होतं, तिकडे आदल्याच दिवसाची संध्याकाळ चालली होती, आणि मामांना तर ते आदल्या दिवसाचं प्रकरण अजून नीटसं पटलेलं नव्हतं. शेवटी फोन आला. तिनं सांगितलं, विमानतळावरून घरी यायलाच दोन तास गेले, गाड्या हलतच नव्हत्या. मामांचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी फोनवर हात ठेवून आत ओरडून सांगितलं, ‘अगो, तिकडं पण दहिसर हाय!’

आता ती डिसेंबरात नाताळला येते आहे. वारा पाठीशी, वेळ कमी. विमान रात्री दीडला उतरणार, आणि तिला आणायला कसं जायचं याची बैठक अर्थातच केव्हाची सुरू झाली आहे. मोटारवाल्यांचा पक्ष आहे, लोकलवाल्यांचा आहे. रो-रोवाल्यांचा होता, पण ती त्या वेळी नसते म्हटल्यावर तो विरघळला. परवा मामांनी आपला प्रस्ताव मांडला. भाईंदरपर्यंत मोटारीनं यायचं आणि तिथून आपल्या होडीनं खाडी ओलांडायची. कोणी हसायच्या आत त्यांनी मला तिथी विचारली. कॅलेंडर पाहिलं, दशमी निघाली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. दहा पाऊणे साडेसात. म्हणजे साडेसातला पूर्ण भरती, आणि दीडला, ज्या क्षणी विमानाची चाकं जमिनीला लागणार, त्या क्षणी खाडीत पार ओहोटी. सगळे गप्प झाले. मामा नाही झाले. ‘पासपोर्टची रांग, एक तास,’ ते बोटांवर मोजू लागले. ‘बॅगा, अर्धा. बाहेर गाडी शोधायला अर्धा. दहिसर, एक. साडेचार वाजता भाईंदर. तवा अर्धी भरती. होडी आरामात लागंल.’ एवढ्या सगळ्या उशिराचा उपयोग करून घेणारा हिशेब मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

मामींना तो पसंत पडला नाही. डिसेंबरची पहाट, उघडी होडी, खाडीवरचा वारा. पोर गारठून जाईल, आल्या आल्या आजारी पडेल. मी म्हटलं, ‘मामी, ती टोरांटोहून येते आहे. तिथे त्या वेळी पाणी गोठतं.’

‘तिकडचा गारठा तिकडं,’ मामी म्हणाल्या. ‘ह्यो आपला हाय. ह्यो बाधतो.’ आणि त्या दिवशी बॅगेबाहेर राहिलेला तो स्वेटर शोधायला आत गेल्या.